गुहेच्या तोंडाशी, तिन्हीसांजेला

मार्च संपत आलाय. सह्याद्रीतल्या या गुहेत रूझेट जातीच्या वटवाघळांच्या माद्या व्यायल्या आहेत. फळांवर जगणारी ही जात. वीण वर्षातून दोनदा, आत्ता आणि पुन्हा पावसाळ्यात. दर खेपेला बहुधा एकच पिल्लू.

कान द्या. टक-टक, टक-टक. रूझेट जिभेनं असा आवाज काढून अंधारात वाट शोधतं.

मोजणी बाहेरूनच करायची. या दिवसांत विजेरी घेऊन कुणी आत शिरलं, की सगळा थवा एकदम उडतो आणि पिल्लं खाली पडतात. खाली विष्ठेचा थर. तिथून पिल्लू परत छतावर पोचणं फार अवघड.

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी कॅमेरा लागतो, गुहेच्या तोंडाच्या खालच्या बाजूला, वर आकाशाकडे रोखलेला. अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचा दिवा कॅमेऱ्यापासून दोन-तीन मीटर बाजूला. तो भिंगाला चिकटून असला, की जवळचे किडे आणि धुकं पांढरंफेक दिसतं, वटवाघूळ हरवतं. पावसाळी विणीच्या कित्येक मोजण्या धुक्यानंच वाया जातात.

हे दृश्य पाव वेगानं पाहा. या मादीच्या पोटाशी फुगवटा आहे. आईच्या काखेजवळच्या स्तनाला तोंडानं धरून, मागच्या नख्या तिच्या केसांत रुतवून पिल्लू लोंबतंय. असे फुगवटे वेगळे मोजायचे.

सगळ्यात मोठी चूक होते ती घिरट्यांमुळे. एकच वटवाघूळ तीनदा बाहेर येतं, दोनदा आत जातं. म्हणून एकानं बाहेर पडणारी मोजायची, दुसऱ्यानं आत शिरणारी. दर दहा मिनिटांनी वजाबाकी. तेच चित्रण दुसऱ्या जोडीनंही स्वतंत्रपणे मोजायचं. दोन्ही आकड्यांत फार फरक पडला, तर पुन्हा पहिल्यापासून. सलग तीन संध्याकाळी. चंद्र, पाऊस, वारा यांची नोंद हवीच. लख्ख चांदण्यात वटवाघळं बहुधा उशिरा बाहेर पडतात.

पिल्लं उडू लागल्यावर पुन्हा मोजणी होते. वाढलेला आकडा म्हणजे पिल्लंच, असं मात्र धरू नये. मधल्या काळात दुसऱ्या गुहेतली वटवाघळंही येतात.

मार्च 2020मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या याच जातीच्या वटवाघळांचे नमुने घेतले, त्यांत निपाह विषाणूच्या खुणा आढळल्या. तोंडाशी उभं राहतानाही एन-95 मास्क हवा. पडलेल्या पिल्लाला हात लावायचा नाही, वनखात्याला कळवायचं.

दहा मिनिटं कुणीच बाहेर आलं नाही, की शेवटची वेळ लिहायची. लाल काच लावलेली विजेरी पायाशी धरून, न बोलता उतरायचं. पिल्लं अजून आत आहेत.