सोलापुरात प्लॉट घेताय? आधी पूररेषा बघा

सोलापूर म्हटलं की टँकर आणि उजनीचं पाणी कधी सुटणार याची चौकशी. त्यामुळे प्लॉट बघायला गेलेला माणूस सातबारा तपासतो, एनए (बिगरशेती) झालंय का विचारतो, रस्ता किती फुटांचा ते मोजून घेतो. पाणी कुठवर चढतं, हे विचारायचं त्याला सुचतच नाही.

पण इथला मोठा पूर बहुधा वरच्या पावसाचा असतो. भीमा सह्याद्रीतून उजनीत येते. धरण भरलं की विसर्ग पंढरपूरकडे सुटतो. सीना येते अहिल्यानगर जिल्ह्यातून. सप्टेंबर 2025 मध्ये याच सीनेला असा पूर आला की लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद करावा लागला.

आता पूररेषेचा नकाशा कसा असतो ते बघा. नदीच्या दोन्ही काठांना एक निळी रेषा, तिच्याबाहेर एक लाल. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द. तिच्या आतला पट्टा निषिद्ध, तिथे घर बांधायचं नाही. लाल रेषा 100 वर्षांतल्या पुराची. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात बांधकामाला परवानगी मिळते, पण अटींवर.

घोळ होतो तो या वर्षांच्या आकड्यांनी. एकदा पूर येऊन गेला, आता शंभर वर्षं निवांत, असं लोक धरून चालतात. तसं नाही. लाल रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दरवर्षी 1 टक्का, निळीपर्यंत 4 टक्के, आणि ती दरवर्षी नव्याने असते. 20 वर्षांचं गृहकर्ज काढलंत, तर हप्ते फिटेपर्यंत निळ्या रेषेवरच्या जागेत एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता सुमारे 56 टक्के. लाल रेषेवरही 18. एवढ्यावर आयुष्याची पुंजी लावायची का, हे घरात बसून बोला.

गट नंबर घेऊन नगररचना कार्यालयात जा, जलसंपदा विभागाकडे पूररेषेची लेखी विचारणा करा. मात्र प्रत्येक ओढ्याची पूररेषा आखलेली नसते. म्हणून जुना गावनकाशाही काढा. त्यावर ओढा आहे आणि जागेवर काळ्या रानात मधेच पिवळ्या मुरमाचा सपाट पट्टा दिसतोय, तर ओढा बुजवलाय का ते विचारा. बांधावरच्या बाभळीकडेही बघा. वाहून आलेली उसाची पाचट फांद्यांत तुमच्या खांद्याच्या वर अडकली असेल, तर इसार देऊ नका.