काळा रंग: किती घासावा आणि कुठे थांबावे

मित्रहो, "गाडी सावलीत उभी असते तेव्हा सुरेख दिसते, उन्हात काढली की मान खाली घालावी लागते," असे एका गृहस्थांनी मला सांगितले, तेव्हा गाडीचा रंग कोणता, हे विचारण्याची गरज मला भासली नाही. ती सुमारे तीस वर्षांपूर्वीची, दोन दरवाजांची काळी स्पोर्ट्‌स कार होती. तिच्या रंगावर मी जे काम केले आणि जे मुद्दाम केले नाही, त्याविषयी आज बोलणार आहे. न केलेल्या कामाचा भाग थोडा मोठा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

काळ्या गाडीचा डाग लगेच दिसतो, हे सगळ्यांना ठाऊक असते. तो का दिसतो, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो. पांढरा रंग त्याच्यावर पडलेला बहुतांश प्रकाश सर्व दिशांना विखरून परत देतो आणि त्या उजेडात एखाद्या बारीक ओरखड्याची चमक बुडून जाते. काळा रंग प्रकाश गिळतो. त्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावरून, समोरून पाहिले तर, जेमतेम ४ टक्के प्रकाश आरशासारखा परत येतो आणि आपण ज्याला काळ्या गाडीची झळाळी म्हणतो ती म्हणजे हे ४ टक्के. २०१९ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात बीएमडब्ल्यूने व्हँटाब्लॅक नावाच्या, जवळजवळ काहीच परावर्तित न करणाऱ्या लेपाची एक गाडी मांडली होती. तिच्याकडे पाहताना बॉनेटची वळणे आणि दरवाजांच्या घड्या नाहीशा होऊन नुसती एक सपाट आकृती उभी आहे असे वाटे. तात्पर्य, काळ्या गाडीचे रूप रंगापेक्षा त्यातल्या प्रतिबिंबात अधिक असते आणि प्रतिबिंब फुटले की गाडीच जुनी दिसू लागते.

हे प्रतिबिंब फोडणारे ओरखडे बहुधा गाडी धुताना पडलेले असतात. उन्हात सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल वलये दिसतात आणि पाहणारा समजतो की कोणीतरी फडके गोल गोल फिरवले असावे. वास्तविक ते ओरखडे सगळ्या दिशांना वेडेवाकडे पसरलेले असतात. त्यांपैकी प्रकाशाच्या दिशेला आडवे असलेले तेवढे चमकतात आणि आपल्याला वर्तुळाचा भास होतो. याची खात्री करायची असेल तर हातात बॅटरी घेऊन ती दरवाजावरून हळूहळू सरकवावी; वर्तुळही तिच्याबरोबर सरकत जाते. ट्यूबलाइटच्या लांब, पसरट उजेडात हे काही दिसत नाही. काम करणाऱ्याने म्हणूनच एकाच बिंदूतून येणारा तीव्र दिवा वापरावा आणि शेवटची तपासणी उन्हात करावी.

आता मोजमापाकडे येतो. माझ्या मते या कामाची सुरुवात पॉलिशच्या यंत्राला हात लावण्यापूर्वी, जाडी मोजण्यापासून व्हायला हवी. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, धरून सगळ्या थरांची जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे सगळी मिळून दोन केसांएवढी जाडी, आणि त्यातला घासता येण्याजोगा भाग त्याहून कितीतरी कमी. जाडी मोजण्याचे छोटे यंत्र हातात मावते. ते पोलादावर चुंबकीय तत्त्वाने आणि ॲल्युमिनियमवर भोवरी विद्युतप्रवाहाच्या तत्त्वाने चालते. प्लॅस्टिकच्या बंपरवर किंवा फायबरग्लासवर मात्र ते मुके होते. १९५३ पासून फायबरग्लासच्या अंगाने बनत आलेल्या कॉर्व्हेटसारख्या गाडीवर त्याचा उपयोग नाही. तिथे ध्वनिलहरींवर चालणारे वेगळे यंत्र लागते.

आपल्या गाडीचे टप ११८ मायक्रॉन दाखवत होते. बॉनेटच्या मध्यभागी आकडा ८४ वर आला, म्हणजे तीस वर्षांत तिथे कोणीतरी, बहुधा अनेकांनी, मनसोक्त रबिंग केलेले होते. डाव्या दरवाजावर २६० आला. तो दरवाजा कधीतरी पुन्हा रंगवलेला होता हे मालकांनाही ठाऊक नव्हते. आकडा हजाराच्या पुढे गेला असता तर खाली पुटी भरली आहे असे मी समजलो असतो. एक मर्यादा ध्यानात ठेवावी: हे यंत्र एकूण जाडी सांगते, वरचा थर किती उरला ते सांगत नाही. त्यामुळे एका आकड्यावर न विसंबता प्रत्येक भागावर आठ-दहा ठिकाणी मोजून, आकडा कुठे अचानक उतरतो ते पाहावे.

दुसरी तपासणी पांढऱ्या फडक्याची. जुन्या गाड्यांत, विशेषतः चमकी नसलेल्या साध्या काळ्या रंगात, वरचा पारदर्शक क्लिअर कोट बऱ्याचदा नसतोच. रंग आणि चमक एकाच थरात असते. फडक्यावर थोडे पॉलिश घेऊन मी टपाचा कोपरा चोळला तेव्हा फडके काजळीसारखे काळे झाले. तेच डाव्या दरवाजावर केले तर ते पांढरेच राहिले. म्हणजे मूळ गाडी एका थराची आणि दुरुस्त केलेला दरवाजा क्लिअर कोटचा. एकाच गाडीवर दोन वेगळ्या स्वभावांचे रंग शेजारीशेजारी नांदत होते. ज्याने ही खूण पाहिली नाही तो टप घासताना पॅड काळा झालेला पाहून घाबरतो, आणि दरवाजा घासताना पॅडवर काही येत नाही म्हणून निश्चिंत होतो. त्याची भीती आणि निश्चिंती दोन्ही चुकीच्या जागी असतात.

जुना काळा रंग राखाडी का दिसतो, हेही इथेच सांगतो. त्यातले कार्बनचे रंगद्रव्य फार टिकाऊ असते, ते सहसा उडत नाही. झिजते ते त्याला बांधून ठेवणारे राळेसारखे द्रव्य. ऊन आणि पाणी यांनी ते वरच्या वर तुटत जाते आणि त्या कोरड्या, खडबडीत थरावर प्रकाश विखुरतो. एका थराच्या रंगावर मी तेलकट, जवळजवळ न कापणारे, म्हणजे थर न झिजवणारे पॉलिश सढळ हाताने चोळून रात्रभर तसेच ठेवले आणि सकाळी पुसून काढले. तेवढ्यानेच टपाची राख निम्मी उतरली आणि पुढे यंत्राने कापायचे प्रमाण कमी झाले. क्लिअर कोटवर हा उपाय व्यर्थ आहे. आणि क्लिअर कोट पापुद्र्यासारखा सुटू लागला असेल तर कोणतेच पॉलिश उपयोगी नाही. तो भाग पुन्हा रंगवावा लागतो.

या सगळ्याच्या आधी धुणे आलेच. उन्हात तापलेल्या काळ्या पत्र्यावर पाणी क्षणात वाळते आणि त्यातल्या क्षारांचे ठिपके उरतात, त्यामुळे गाडी सावलीत आणि पत्रा गार असतानाच धुवावी. धुऊन झाल्यावर हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून रंगावरून बोटे फिरवावीत. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा पृष्ठभाग पिशवीतून वाळूच्या कागदासारखा लागतो. ब्रेकमधून उडून रंगात रुतलेले लोखंडाचे कण काढण्यासाठी एक द्रावण मिळते, ते लोखंडाला भेटले की जांभळे होऊन ओघळू लागते. वास मात्र असह्य असतो. उरलेला चिकट मळ क्लेने, म्हणजे रंगावरून फिरवायच्या मऊ मातीसारख्या गोळ्याने, भरपूर ओलावा ठेवून काढावा. क्लेचा गोळा जमिनीवर पडला तर तो टाकून द्यावा, धुऊन पुन्हा वापरू नये.

मग पॉलिश. इथे माझा एकच आग्रह आहे: आधी अर्धा मीटर लांब-रुंद चौकोन आखून त्यावर सर्वांत सौम्य जोडी, म्हणजे मऊ फोमचा पॅड आणि बारीक पॉलिश, वापरून पाहावी आणि जमले नाही तरच एक पायरी चढावी. दुकानातले सर्वांत जहाल कंपाउंड आधी उचलणाऱ्याला ओरखडे लवकर जाताना दिसतात, पण त्याबरोबर काय काय गेले ते दिसत नाही. सौम्य पॉलिशचा एक हात साधारण एखादा मायक्रॉन घेतो, जाड कंपाउंड त्याच्या काही पट. यंत्रांपैकी केवळ गोल फिरणारे यंत्र वेगाने कापते, पण काळ्या रंगावर ते धुरकट, हलत्या पट्ट्या मागे ठेवते, ज्यांना या धंद्यात होलोग्राम म्हणतात. फिरता फिरता डोलणारे यंत्र हळू चालते आणि चुका पोटात घालते. मी गाडीवर तेच वापरले. हात सेकंदाला तीन-चार सेंटिमीटर इतक्या संथ गतीने, आधीचा पट्टा निम्मा झाकत न्यायचा, आणि प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करायचा. एका थराच्या काळ्या रंगाने तो इतका भरतो की साफ न केल्यास तोच नवे ओरखडे पाडू लागतो.

चौकोन पूर्ण झाला की पॉलिशमधले तेल पुसून काढल्याशिवाय निकालावर विश्वास ठेवू नये. तेल ओरखड्यांत भरून बसते आणि काही दिवस सगळे छान दिसते. काही पॉलिशे तर बनवलेलीच याच फसवणुकीसाठी असतात. पाण्यात पातळ केलेल्या अल्कोहोलने हलकेच पुसावे, मात्र एका थराच्या जुन्या रंगावर ते जपून, कारण कडक द्रावकाने असा रंग मऊ पडू शकतो.

नख अडकेल इतका खोल ओरखडा पॉलिशने काढण्याच्या भरीस पडू नये. त्याच्या धारदार कडा थोड्या गोलसर केल्या तरी तो पूर्वीसारखा चमकत नाही आणि दोन पावलांवरून दिसेनासा होतो. कारखान्यातून आलेला संत्र्याच्या सालीसारखा पोतही मी तसाच राहू देतो. तो घासून काचेसारखा सपाट करणारे कुशल कारागीर आहेत, पण जुन्या गाडीवर तो पोत म्हणजे मूळ रंग अजून जागेवर असल्याचा पुरावा असतो आणि तो पुसण्यासाठी लागणारे मायक्रॉन परत आणता येत नाहीत.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. सुरुवातीच्या काळात एका काळ्या गाडीच्या फेंडरच्या कडेवरून मी गोल फिरणारे यंत्र नेले. क्षणभर आणखी छान चमक येतेय असे वाटले, आणि पॅड उचलला तर कडेवर नखाएवढा राखाडी ठिपका होता. ते प्रायमर होते. ओला रंग वाळताना तीक्ष्ण कडेपासून मागे सरकतो, त्यामुळे तिथे थर मुळातच पातळ असतो, आणि पॅडचा सगळा दाब नेमका तिथेच येतो. तो फेंडर मला पदरमोड करून रंगवून द्यावा लागला. तेव्हापासून प्रत्येक कडेवर आणि घडीवर मास्किंग टेप लावल्याशिवाय मी यंत्र सुरू करीत नाही.

संरक्षणाविषयी थोडक्यात सांगतो. ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या ताडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण काळ्या रंगाला एक ओलसर खोली देते, पण ते काही आठवडे, फार तर काही महिने टिकते. सिरॅमिक लेप त्याहून बराच काळ टिकतो आणि गाडी धुणे सोपे करतो. परंतु तो एक-दोन मायक्रॉनचा असतो, त्याने दगडाचे टवके थांबत नाहीत. डब्यांवर मिरवणारा ९एच हा आकडा पेन्सिलींच्या कठीणपणाच्या मोजपट्टीतला आहे, रत्नांच्या नव्हे, एवढे जाणून घेऊन तो वाचावा.

त्या गाडीच्या बॉनेटवर पक्ष्याच्या विष्ठेचा एक जुना डाग होता. विष्ठा आम्लधर्मी असते, तापल्या पत्र्यावर रंग मऊ पडलेला असताना ती त्यात शिरते आणि गार झालेला रंग तोच आकार धरून बसतो. डागाशेजारी यंत्राने ७६ मायक्रॉन दाखवले. मी सौम्य पॉलिशचे दोन हात दिले, कडा बोथट झाल्या, आणि तिथेच थांबलो. गाडी न्यायला आलेल्या मालकांनी बॉनेटभोवती दोनदा फेरी मारली आणि अपेक्षेप्रमाणे नेमके त्याच डागावर बोट ठेवले. मी काही समजावत बसलो नाही. जाडी मोजण्याचे यंत्र त्यांच्या हातात दिले आणि आधी टपावर, मग डागाशेजारी टेकवायला सांगितले. त्यांनी दोन्ही आकडे वाचले, यंत्र परत केले, थोडा वेळ गाडीतल्या आपल्याच प्रतिबिंबाकडे पाहत राहिले आणि विचारले, "बरं, आता ही धुताना पुसायची कशाने?"