एका कॅबिनेटमध्ये अनेक गेम, मूळ वायर न कापता

नमस्कार मंडळी! जुन्या आर्केड कॅबिनेटचा, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेम मशीनचा, मागचा व्हिडिओ टाकल्यापासून एकच प्रश्न येतोय: 'दादा, यात एकाच्या जागी साठ गेम कसे बसवायचे?' तर आज तेच.

लाकूडकाम पटकन सांगतो, ते तुम्हाला जमेल. तळाची फळी ओलीनं फुगलेली असते, तेवढी बदला. बाजूची चित्रं मऊ फडक्यानं पुसा, घासू नका. झालं. मात्र चित्रनळीला हात लावायची घाई नको. मशीन बंद असलं तरी नळीत हजारो व्होल्ट साठलेले असू शकतात. डिस्चार्ज करायची सवय असलेल्या माणसालाच ते करू द्या.

आता वायरिंग. कित्येक जण सुरुवातच कटरनं करतात: जुना कनेक्टर छाटायचा, त्या जागी जॅमा कनेक्टर सोल्डर करायचा. नका हो करू असं!

जॅमा म्हणजे 56 पिनांचं ठरलेलं कनेक्शन, ते आलं 1985 मध्ये. त्याआधीच्या कॅबिनेटची वायरिंग वेगळी. पॅकमॅनच घ्या, तो 1980 चा. त्याचा कनेक्टर 44 पिनांचा, आणि त्याच्या बोर्डाला, म्हणजे गेम ज्यावर चालतो त्या सर्किटला, ट्रान्सफॉर्मरमधून एसी वीज जाते, डीसी बोर्डावरच तयार होते. जॅमा बोर्डाला लागतात तयार 5 व्होल्ट डीसी. त्या जुन्या वायरी थेट नव्या बोर्डाला जोडल्या तर बोर्ड गेलाच म्हणून समजा.

मी स्वतः पहिल्या कॅबिनेटची वायरिंग कापली होती. पुढे त्याचा मूळ बोर्ड दुरुस्त होऊन हातात आला, आणि लावायला जागाच नव्हती! रंग उडालेल्या वायरी मल्टिमीटरनं एकेक शोधत किती रविवार गेले. अजूनही ते कॅबिनेट उघडलं की वाईट वाटतं.

आणि उद्याचा विचार करा. हे मशीन तुमच्यानंतर कुणाच्या तरी घरी जाणार आहे. साठ गेमचा बोर्ड कधीही नवा मिळेल, पण कारखान्यात बांधलेला तो वायरींचा जुडगा परत मिळणार नाही.

मग करायचं काय? अडॅप्टर. बोर्डाच्या कडेसारखी छोटी पट्टी येते, तिला फिंगरबोर्ड म्हणतात. ती जुन्या कनेक्टरमध्ये खोचायची, तिच्यावरून चित्र, आवाज, जॉयस्टिक आणि कॉइनच्या वायरी जॅमा कनेक्टरला न्यायच्या. वीज त्यातून घ्यायची नाही, तिच्यासाठी वेगळा पॉवर सप्लाय. 5 व्होल्ट मोजाल ते सप्लायवर नाही, बोर्डाच्या कडेला मोजा, कारण वायरीत थोडं खाली येतं. आणि जुना ट्रान्सफॉर्मर बिनकामाचा म्हणून काढू नका. मॉनिटरला मुख्य लाइनपासून वेगळं ठेवणारा तोच असतो.

एकानं लिहिलंय, 'एलसीडी लावा, कटकट मिटेल.' दादा, हे गेम 15 किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला साधारण 15 हजार आडव्या रेषा काढणाऱ्या, नळीसाठी काढलेत. त्या रेषा, ती चमक सपाट पडद्यावर येत नाही. मल्टिगेम बोर्डावर 31 आणि 15 अशी सेटिंग असेल तर 15 वर ठेवा.

दुसरी तक्रार: 'पॅकमॅन कोपऱ्यावर वळतच नाही.' तुमची जॉयस्टिक आठ दिशांची आहे. पॅकमॅनला चारच हव्यात, नाहीतर हात तिरका गेला की वळण हुकतं. बऱ्याच जॉयस्टिकच्या खाली एक चौकट असते, ती फिरवून बसवली की चार दिशा होतात. म्हणूनच म्हणतो, कॅबिनेटला जुळतील तेच गेम निवडा: पॅकमॅनसारख्या उभ्या पडद्याच्या कॅबिनेटमध्ये उभेच गेम घ्या. स्ट्रीट फायटर 2 ला आडवा पडदा आणि सहा बटणं लागतात. त्यासाठी पॅनेलला भोकं पाडायची? ती पण कापाकापीच झाली!

शेवटी माझी कसोटी. अडॅप्टर उपसायचा, मूळ बोर्ड लावायचा, आणि सोल्डरिंग गन हातात न घेता जुना गेम सुरू झाला पाहिजे. थांबा, कॅमेरा मागच्या दारापाशी नेतो. हा अडॅप्टर निघाला... हा बोर्ड बसला... आता स्विच.