लाटांचा ताल आणि पोलादी पाय

श्रोते हो, नमस्कार.

सांगलीत बसून समुद्राविषयी बोलणे काहींना गमतीचे वाटेल, पण आजच्या विषयाचा नमुना आपल्या प्रत्येक गावाच्या वेशीवर उभा आहे. उंच खांबांवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. वजन सारे वर आणि खाली तुलनेने बारीक पाय. बाजूने धक्का बसला की ही टाकी आपल्या ठरलेल्या गतीनेच झुलते. भरलेली असेल तर सावकाश, रिकामी असेल तर झपझप. एका पूर्ण झोक्याला लागणारा हा वेळ म्हणजे तिचा नैसर्गिक दोलनकाल. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने ज्यांची घरे हादरवली, त्यांना हा विषय पुस्तकाविनाच समजला असेल. भूकंप मात्र काही सेकंदांत थांबतो, समुद्र थांबत नाही.

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर, 1974 मध्ये तेल सापडलेल्या मुंबई हाय क्षेत्रात, सुमारे 75 मीटर खोल पाण्यात पोलादी नळ्यांचे जाळीदार सांगाडे उभे आहेत. या सांगाड्याला जॅकेट म्हणतात. त्याच्या पायांतून पाइल, म्हणजे लांब खांब, समुद्रतळात ठोकलेले असतात आणि माथ्यावर यंत्रे, क्रेन, माणसांच्या खोल्या असा सारा संसार असतो. हा सारा मिळून प्लॅटफॉर्म. इतक्या खोलीवरच्या अशा बांधकामाचा दोलनकाल साधारणतः एक ते तीन सेकंद असतो, तर वादळातल्या मोठ्या लाटा दहा सेकंदांनी किंवा त्याहूनही जास्त अंतराने येतात. ही तफावत हेच या प्लॅटफॉर्मचे मोठे संरक्षण आहे. दोन सेकंदांचा दोलनकाल आणि आठ सेकंदांची लाट असेल, तर झुलण्यामुळे लाटेच्या परिणामात होणारी वाढ जेमतेम सात टक्के असते. दोलनकाल चार सेकंदांवर गेला, तर तीच वाढ तेहतीस टक्के होते. दोन्ही ताल जुळले, तर अवमंदन, म्हणजे झोका हळूहळू विझवणारा विरोध, दोन टक्के धरल्यास लाटेचा परिणाम हिशेबाने पंचवीसपट होऊ शकतो.

मात्र लाट मंद आहे एवढ्यावर निर्धास्त राहता येत नाही. हरिपूरच्या संगमावर प्रवाहात बांबू रोवून धरणाऱ्याला ठाऊक असते की पाण्याचा वेग दुप्पट झाला की रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील मॉरिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 साली खांबावरच्या लाटेच्या बलाचे जे सूत्र मांडले, त्यात वेगाच्या वर्गाचा हा रेटा एका बाजूला आणि पाण्याच्या बदलत्या वेगाचा धक्का दुसऱ्या बाजूला आहे. वर्गामुळे हा रेटा लाटेच्या माथ्यापाशी आणि खळग्यापाशी एकवटतो, आणि त्यात मूळ तालाच्या तिप्पट वेगाचा, एक-पंचमांश ताकदीचा ताल दडून बसतो. म्हणजे नऊ सेकंदांची लाट तीन सेकंदांनीही हळूच ढकलत असते. माझ्या मते या विषयातली सर्वांत फसवी गोष्ट हीच आहे.

पायांमधले अंतरही हिशेबात येते. चार सेकंदांच्या लाटेची लांबी खोल पाण्यात सुमारे 25 मीटर असते. पाय तेवढ्याच अंतरावर असतील, तर सर्वांना एकाच वेळी ढकल बसते. लाट याच्या दुप्पट लांब असेल, तर एक पाय पुढे ढकलला जात असताना दुसरा मागे ओढला जातो आणि बरेचसे बल आपसांत फिटते.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ सुमारे 56 मीटर पाण्यात तीन पायांवर उभा असलेला ‘टेक्सास टॉवर 4’ हा रडार मनोरा इतका हलत असे की तिथली माणसे त्याला ‘थरथरा म्हातारा’ अशा अर्थाच्या नावाने हाक मारत. वाहून नेतानाच त्याच्या आडव्या-तिरप्या बंधांना इजा झाली होती. 15 जानेवारी 1961 रोजी हिवाळी वादळात तो कोसळला आणि त्यावरचे सर्व 28 जण मृत्युमुखी पडले.

रोजच्या लहान लाटांची गोष्ट वेगळी आहे. सहा सेकंदांनी एक म्हटले, तरी दिवसाला 14,400 आणि पंचवीस वर्षांत सुमारे 13 कोटी लाटा होतात. नळीला नळी जोडलेल्या वेल्डिंगच्या सांध्यात प्रत्येक लाटेने ताण चढतो आणि उतरतो, आणि यालाच पोलादाचा थकवा म्हणतात. ताणाचा हा चढउतार दुप्पट झाला, तर सांध्याचे आयुष्य साधारण एक-अष्टमांश उरते. म्हणून पाणबुड्ये खाली जाऊन आधी सांध्यावरचे शिंपले-शेवाळ खरवडतात, मग तडा शोधतात. हे कवच निव्वळ तपासणीच्या आड येते असे नाही. त्यामुळे पाय जाड आणि खरखरीत होतो, लाटेला अधिक सापडतो आणि त्याचे वजनही वाढते. भरलेल्या टाकीसारखा मनोरा सावकाश झुलू लागतो आणि लाटांच्या तालाकडे सरकतो. माथ्यावर एखादी अवजड नवी क्रेन बसवायची असली, तरी दोलनकाल पुन्हा मोजावा लागतो तो याचसाठी.

नमस्कार.