दार लावून खाल्लेला पाव

मंडळी, नमस्कार. पत्रिकेतला 'श्रद्धा आणि आंतरिक स्वातंत्र्य' हा विषय वाचून परवा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, श्रद्धा आली की विचार संपला की ओ! त्यात कसलं स्वातंत्र्य?" बेळगावचा माणूस, बोलण्यात आडपडदा नाही. मी म्हटलं, ये, तिथंच बोलू. तो मागच्या रांगेत बसलाय.

त्याच्यासाठी लांबचा दाखला शोधायला नको. बाबा पदमनजी याच गावचे. १८३१ चा जन्म, शिक्षणाची सुरुवात इथल्या लंडन मिशनच्या शाळेत, पुढं मुंबई. १८५७ च्या 'यमुनापर्यटन' या कादंबरीचे लेखक म्हणून आपण त्यांना ओळखतो, तेही परीक्षेपुरतं. पण मुंबईत ते परमहंस सभेत जात असत, ती गोष्ट आज सांगण्यासारखी आहे. ही गुप्त मंडळी. जातिभेद मोडायचा, मूर्तिपूजा सोडायची, असा त्यांचा निश्चय. सभासद व्हायचं तर परजातीच्या हातचा पाव सगळ्यांसमोर खायचा. सगळ्यांसमोर म्हणजे सभासदांसमोर, दार लावून. घरी गेल्यावर पुन्हा सोवळं नेसून पाटावर बसायचं. १८६० मध्ये सभेची कागदपत्रं, नावांसकट, चोरीला गेली आणि सभा मोडली. एक यादी बाहेर जाते काय, आणि एवढ्या शिकलेल्या माणसांची चळवळ बसते काय!

हसू नका. त्या काळात वाळीत पडणं म्हणजे काय, ते आपल्या आजीपणजीला विचारायला हवं होतं. न्हावी येत नाही, भटजी येत नाही, विहिरीवर घागर लावू देत नाहीत, पोरीचं लग्न मोडतं, आणि मयताला खांदा द्यायला चार माणसं मिळत नाहीत. पोलीस नाही, तुरुंग नाही, पण जाच पुरेपूर. आणि हा जाच करणारे कोण? आपलेच काका-मामा. म्हणून मला त्या पाव खाणाऱ्यांची कीव येत नाही. मला प्रश्न एवढाच पडतो, की बंद खोलीत मोकळा झालेला विचार खोलीबाहेर किती वेळ टिकतो?

पदमनजींनी १८५४ मध्ये इथं, बेळगावात, बाप्तिस्मा घेतला. उघडपणे. त्यांचा निर्णय तुम्हाला पटो न पटो, दार मात्र त्यांनी उघडलं.

आता जर्मनी. डीट्रिख बोनहोफर हे ल्यूथरन पाळक. चर्चनं हिटलरच्या तालावर नाचू नये म्हणून उभ्या राहिलेल्या मंडळींपैकी एक. १९४२ च्या अखेरीस त्यांनी मित्रांसाठी एक टिपण लिहिलं, त्याची एक प्रत आईवडिलांच्या घराच्या छपरात लपवलेली होती. त्यात मूर्खपणावर एक भाग आहे. त्यांचं म्हणणं असं, की मूर्खपणा दुष्टपणाहून घातक आहे आणि त्याचा बुद्धीशी संबंध नाही. चांगला हुशार माणूस सत्तेच्या दबावाखाली मूर्ख बनवला जातो. तुम्ही त्याच्याशी बोलता तेव्हा तो बोलतच नसतो, घोषणा बोलत असतात. अशा माणसाला शिकवून उपयोग नाही, तो सुटला पाहिजे. आणि बहुतेक वेळा आधी बाहेरची सुटका व्हावी लागते, मग आतली.

हे वाक्य मला फार अडचणीचं वाटतं. माझ्यासारख्या श्रद्धावंताला उलटं ऐकायला आवडलं असतं, की बाहेर काहीही होवो, आत आम्ही मोकळे. बोनहोफर ती सोय ठेवत नाहीत. एप्रिल १९४३ मध्ये त्यांना अटक झाली आणि ९ एप्रिल १९४५ ला, युद्ध संपायला महिना उरला असताना, फाशी.

मागच्या रांगेला माझं अर्धं उत्तर हे. उरलेलं अर्धं पंडिता रमाबाईंकडं आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि लगेच तिथल्या धर्मभगिनींशी वाद सुरू केला. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे मला समजावून द्या, अमुक शास्त्रात कुठं लिहिलंय ते दाखवा! गुरू म्हणतो म्हणून मान, हे त्यांना चालेना. एका पत्रात त्या स्पष्टच लिहितात, की मोठ्या कष्टानं मी हिंदुस्थानातल्या भटशाहीच्या जोखडातून मान काढून घेतलीय, ती लगेच दुसऱ्या तसल्याच जोखडात घालणार नाही. श्रद्धा होतीच, पण डोकं गहाण ठेवलेलं नव्हतं. असली विद्यार्थिनी वर्गात असती तर मला घाम फुटला असता, हे खरं.

आणि दुसरं जोखड काही कल्पनेतलं नव्हतं. खानापूरच्या पलीकडं घाट उतरला की गोवा. तिथं १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडली तर, इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं. क्रूस हातात घेऊन माणसांच्या मनाची झडती. देव पालखीत घालून लोक नदीपार गेले, काही घाट चढून आपल्या बाजूला आले. त्यांत ख्रिस्तीही होते. ख्रिस्ती माणसानं आंतरिक स्वातंत्र्यावर बोलताना हे गाळलं तर ते व्याख्यान नव्हे, जाहिरात.

दार लावून ठेवलेली श्रद्धा टिकतच नाही, असंही नाही. जपानात १६१४ मध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. १८६५ मध्ये नागासाकीत नवं चर्च बांधलेल्या एका फ्रेंच पाद्र्याकडं जवळच्या खेड्यातली माणसं आली आणि हळूच म्हणाली, आमचं मन तुमच्यासारखंच आहे. दोनशेहून जास्त वर्षं पाद्री नाही. मग परमहंस सभा दहा-अकरा वर्षांत का विरली? मला वाटतं, जपानात गुपित घराघरांत होतं, आईला ठाऊक, आजीला ठाऊक. मुंबईत ते घरापासूनच लपवायचं होतं.

आपण सीमाभागातली माणसं. मनात मराठीत हिशेब करायचा आणि फॉर्म कन्नडमध्ये भरायचा, हे आपल्याला नवं नाही. पण ही तुलना मी इथंच सोडतो. फॉर्म भरणं वेगळं आणि मान कापायला देणं वेगळं.

मान दिली ती फ्रान्झ येगरश्टेटरनं. ऑस्ट्रियातल्या एका खेड्यातला शेतकरी, गावच्या चर्चची देखभाल करणारा. ऑस्ट्रिया जर्मनीला जोडण्याबद्दलच्या १९३८ च्या सार्वमतात त्या गावात विरोधी मत देणारा तो एकटा. १९४३ मध्ये सैन्यात बोलावणं आलं तेव्हा हिटलरसाठी लढणार नाही म्हणाला. त्याच्या धर्मगुरूंनी समजावलं, खुद्द बिशपनं सांगितलं, बायकामुलींचा विचार कर. तुरुंगातून त्यानं लिहिलं, की माझे हात बांधलेले आहेत, पण इच्छा बांधली जाण्यापेक्षा हे बरं. ९ ऑगस्ट १९४३ ला त्याचा शिरच्छेद झाला. छत्तीस वर्षांचा होता.

त्याच्या बायकोचं नाव फ्रान्झिस्का. आधी तिनंही त्याचं मन वळवायचा प्रयत्न केला होता. मग तिच्या लक्षात आलं, की सगळेच त्याच्या विरुद्ध बोलतायत, आणि ती थांबली. पुढं तिनं सांगितलं, मीही त्याच्या बाजूनं उभी राहिले नसते तर त्याला कुणीच उरलं नसतं. युद्धानंतर गावानं तिलाच बोल लावला, पेन्शनसाठीही तिला काही वर्षं झगडावं लागलं. चर्चनं २००७ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरात फ्रान्झला 'धन्य', म्हणजे संतपदाच्या अलीकडच्या पायरीवरचा, घोषित केलं तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्झिस्का तिथं हजर होती.