गाडी चोरीला गेल्यावरचा पहिला तास

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळीच्या तोंडावर कोल्हापुरात महाद्वार रोडला गाडी लावायला जागा मिळाली, तर माणूस त्या आनंदात हँडल लॉक करायचंच विसरतो. चोराला तेवढं पुरतं. बिनलॉकची मोटारसायकल ढकलत पुढच्या गल्लीत न्यायची आणि इग्निशनच्या वायरी जोडायच्या, याला फार वेळ लागत नाही. आपण खरेदी उरकून परत येईपर्यंत गाडी कागलच्या पुढे असते. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की राज्य बदललं, कर्नाटक लागलं, पोलीस बदलले.

म्हणून हल्ली बरेच जण विचारतात, की तो गाडीला चुंबकानं चिकटवायचा जीपीएस ट्रॅकर घ्यावा का, आणि घ्यायचा तर कुठला? घ्यावा, जरूर घ्यावा. पण ट्रॅकर चोरी थांबवत नाही. गाडी गेल्यावरच्या पहिल्या तासाभरात ती कुठं आहे हे तुम्हाला कळावं, एवढ्यासाठी तो घ्यायचा. खोक्यावर काहीही छापलेलं असू दे, त्या तासात उपयोगी पडणार नसेल तर तो ट्रॅकर आपल्या कामाचा नाही.

आता हे यंत्र चालतं कसं ते बघू. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. ट्रॅकर त्यांचं फक्त ऐकतो, त्यांच्याशी बोलत नाही. निदान चार उपग्रहांचे सिग्नल मिळाले, की तो आपली जागा काढतो. मोकळ्या आभाळाखाली ती पाच-दहा मीटरच्या आत बरोबर येते. पण ती जागा तुमच्या मोबाइलवर पाठवायला आत एक सिमकार्ड लागतं. म्हणजे हे यंत्र अर्धं जीपीएस आणि अर्धा मोबाइल फोन आहे. आणि ऐन वेळी दगा देतो तो बहुतेक वेळा मोबाइलचा अर्धा भाग.

स्वस्तातले पुष्कळ ट्रॅकर फक्त टूजीवर चालतात. जिओचं टूजी नेटवर्कच नाही, ती कंपनी सुरुवातीपासून फोरजीची. त्यामुळे घरातलं जास्तीचं जिओचं सिम अशा ट्रॅकरमध्ये घातलं, तर यंत्र मुकंच राहतं, आणि दुकानदाराशी भांडण होतं ते वेगळंच. घेतानाच फोरजी ट्रॅकर मागा. दुसरी गोष्ट रिचार्जची. सिमची मुदत कधी संपली हे ध्यानात राहत नाही, कारण त्या नंबरवर कुणी फोन करत नाही. काही कंपन्या 13 आकडी नंबरचं, यंत्रांसाठीचं वेगळं सिम बसवूनच देतात आणि वर्षाचे पैसे एकदम घेतात. मला ते सोयीचं वाटतं. फक्त दुसऱ्या वर्षी किती भरायचे, ते आधी विचारा. पहिलं वर्ष फुकट म्हणतात, खरी किंमत दुसऱ्या वर्षी कळते.

आपल्याकडची आणखी एक अडचण म्हणजे घाट. गाडी निपाणीकडं गेली तर महामार्गाला रेंज असते. पण गगनबावड्याहून करूळ घाटानं खाली उतरली, किंवा दाजीपूरवरून फोंडा घाटाला लागली, तर मधे मधे रेंज जाते. चांगला ट्रॅकर अशा वेळी वाटेतल्या जागा स्वतःजवळ साठवतो आणि रेंज आली की एकदम पाठवतो. ही सोय आहे का, हे विचारून घ्या. नसेल तर नकाशावर गाडी घाटमाथ्यावर दिसते आणि पुढे तिचा पत्ताच नसतो.

बॅटरीच्या बाबतीत तर खोक्यावरचा आकडा वाचून भुलू नका. ‘90 दिवस बॅटरी’ असं लिहिलेलं असतं ते झोपलेल्या ट्रॅकरचं. साधा हिशेब करू. समजा 5000 मिलिअँपिअर-तासांची बॅटरी आहे. सतत जागा पाठवताना सरासरी 50 मिलिअँपिअर लागले, तर 100 तास म्हणजे चार दिवसांत ती संपली. झोपेत 2 मिलिअँपिअर लागले, तर तीच बॅटरी शंभर दिवसांवर जाते. तेव्हा विचारायचं ते हे, की हा उठतो कशानं? काही ट्रॅकर चोवीस तासांतून एकदा उठून जागा सांगतात आणि पुन्हा झोपतात. रात्री दोनला गाडी गेली आणि ट्रॅकर दुसऱ्या दिवशी दुपारी बोलला, तर काय उपयोग? आपल्याला हलल्यावर उठणारा हवा. गाडीला धक्का लागला की जागा होणारा आणि लगेच मोबाइलवर सूचना देणारा. शेजारच्या पोरानं सीटवर बसून हॉर्न वाजवला तरी तो ओरडेल, ते सहन करायचं.

लावायचा कुठं, यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण निम्मे ट्रॅकर इथंच वाया जातात. चुंबक आहे म्हणून लोक तो लोखंडाला चिकटवतात आणि वरूनही लोखंडच येतं. पत्र्याच्या आड जीपीएसचा सिग्नल पोचत नाही. स्प्लेंडरसारख्या गाडीच्या टाकीखाली ठेवाल तर टाकी पत्र्याची, सिग्नल तिथंच अडला. त्यापेक्षा साइड पॅनेलच्या आत किंवा मागच्या प्लास्टिकच्या भागाखाली जागा शोधा. सीटखाली ठेवू नका, चोर पहिल्यांदा तिथंच हात घालतो. स्कूटरची डिक्कीही तशीच. समोरच्या प्लास्टिकच्या आवरणाच्या आत बसवलेला बरा, मेकॅनिक अर्ध्या तासात बसवून देईल. मोटारीत मागच्या बंपरच्या प्लास्टिकमागं छान बसतो. बॉनेटमध्ये नको, डॅशबोर्डवर तर नकोच. मे महिन्यात बंद गाडी उन्हात उभी राहिली, की आतल्या लिथियम बॅटरीला ती उष्णता सोसत नाही, ती फुगते.

बाहेर लावायचा असेल तर आयपी67, म्हणजे धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा, बघूनच घ्या. त्यातला 6 धुळीचा, 7 पाण्याचा: एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकतो. 2019 आणि 2021 चा पंचगंगेचा पूर पाहिलेल्यांना हा आकडा समजावून सांगायची गरज नाही. चार्जिंगच्या भोकाचं रबरी बूच मात्र घट्ट बसवा. बुचाविना आयपी67 ला काही अर्थ उरत नाही.

ब्लूटूथचे छोटे टॅग, 2021 साली आलेला ॲपलचा एअरटॅग वगैरे, यांना लोक ट्रॅकर समजतात. त्यात जीपीएसही नाही, सिमही नाही. आजूबाजूने जाणाऱ्या फोनांवर त्यांची भिस्त. राजारामपुरीत ठीक, भुदरगडच्या एखाद्या वाडीत कोण जाणार शेजारून? शिवाय अनोळखी टॅग आपल्याबरोबर फिरतोय, अशी सूचना हे टॅग चोराच्याच फोनवर देऊ शकतात. कुणी कुणाच्या नकळत पाळत ठेवू नये म्हणून ती सोय केली आहे, आणि ती योग्यच आहे. घरातल्या माणसाच्या गाडीतसुद्धा त्याला सांगितल्याशिवाय ट्रॅकर लावू नका.

दुरून इंजिन बंद करायची सोय मिळते, ती मी घेणार नाही. अनुस्कुरा घाटात उतारावर इंजिन बंद पडलं तर? 2022 साली एमव्ही720 नावाच्या ट्रॅकरबद्दल अमेरिकेच्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं जाहीर इशारा दिला होता, की परक्या माणसाला त्याचा ताबा घेऊन इंधन तोडता येऊ शकतं. आणि कुठलाही ट्रॅकर घ्या, त्याचा 123456 हा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

मोटारवाल्यांना एक फुकटची मदत आहे. किणी किंवा कोगनोळीच्या नाक्यावर फास्टॅगमधून पैसे कटले, की मेसेज येतो. चोरानं स्टिकर खरवडला नसेल तर दिशा कळते. मोटारसायकलला टोल नाही, म्हणून मागही नाही.

गाडी गेल्यावर नकाशावरचा ठिपका बघत एकटे निघू नका. 112 ला फोन लावा, ट्रॅकरची लिंक पोलिसांना द्या, गुन्हा नोंदवा. हा नंबर कर्नाटकातही चालतो. चोर कधी कधी गाडी एखाद्या गल्लीत दोन दिवस नुसती उभी करून ठेवतात, कोणी शोधत येतंय का ते बघायला. तेव्हा ठिपका थांबला म्हणून ट्रॅकर बंद पडला असं समजू नका. आणि गाडीच्या दोन्ही किल्ल्या जपून ठेवा. विमा कंपनी चोरीच्या दाव्यात पहिल्यांदा त्याच मागते, आणि दुसरी किल्ली नेमकी टूलबॉक्समध्ये, गाडीबरोबरच गेलेली असते. नमस्कार.