दूधवाल्याच्या आधी येणारा टँकर

(पडद्यावर : वाघोली, पुणे. पहाटेचे पावणेसहा.)

सोसायटीचं गेट उघडतं आणि दूधवाल्याच्या आधी टँकर आत येतो. क्लीनर जाडजूड पाइप ओढत जमिनीखालच्या टाकीपाशी नेतो, लोखंडी झाकण सरकवतो. मग मोटरचा घरघराट. वॉचमनकाका केबिनमधल्या वहीत वेळ लिहितात, गाडीचा नंबर लिहितात, ड्रायव्हरची सही घेतात.

ती वही चाळतेय ती माझी ताई. रविवारी अकरा वाजता एजंटने तिला आणि दाजींना याच इमारतीतला टू बीएचके दाखवला होता. हॉलमध्ये छान ऊन, नवा कोरा ओटा, नळाला धो धो पाणी. आज ती न सांगता, एकटीच आली आहे.

"काका, रोज किती गाड्या?"

"आत्ता चार. उन्हाळ्याचं विचारूच नका, मॅडम."

घर बघायला गेलो की आपण खोल्यांची मापं बघतो, कपाटं उघडून बघतो. मला विचाराल तर आधी ही टाकी बघावी. २०२१ च्या जूनअखेर पुणे महापालिकेच्या हद्दीत एकदम २३ गावं आली, त्यात वाघोलीही होती. हद्द एका आदेशाने वाढते, पाइपलाइन टाकायला वर्षं जातात. पालिकेचं पाणी मिळेपर्यंत आम्ही सोय करू, असं हमीपत्र अशा भागात अनेकदा बिल्डरने दिलेलं असतं. पुढे सोसायटी स्थापन होते आणि टँकरचं बिल गुपचूप मेंटेनन्समध्ये येऊन बसतं. कर्जाचा हप्ता वीस वर्षांनी का होईना, फिटतो. हे बिल कधी थांबेल ते कोणीच लिहून देत नाही.

(पडद्यावर : सिंहगड रस्ता. मुठेचा काठ.)

दुसरं घर पाण्याच्या अगदी जवळ होतं. खिडकीतून नदी दिसते म्हणून भाव चढा. दाजींनी कंपाउंडच्या भिंतीवर हात फिरवला. कमरेइतक्या उंचीवर चिखलाची फिकट रेघ होती, वरून दिलेल्या रंगातूनही ओळखू येणारी. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून पाणी सोडलं आणि याच रस्त्यावरच्या एकतानगरीत ते घरांत शिरलं, हे पुणेकर विसरलेले नाहीत. नदीकाठी घर घेताना निळी आणि लाल पूररेषा नकाशावर बघून घ्या. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आणि तळमजल्यावरच्या एखाद्या मावशींना विचारा. त्यांना ती रात्र आठवत असते.

(पडद्यावर : जेवणाचं टेबल. कागदांची फाइल.)

दाजींच्या फाइलमध्ये एक कागद नव्हता : भोगवटा प्रमाणपत्र. एजंट म्हणाला, "सगळे राहतायत की! त्याचं काय घेऊन बसलात?"

इथे उठावं आणि घरी यावं. भाव कितीही पाडून देत असला तरी. इमारत मंजूर नकाशाप्रमाणे पुरी झाली, आता तिथे राहायला हरकत नाही, असं पालिका या एका कागदावर सांगते. तो नसेल तर पाण्याच्या जोडणीपासून पुढच्या विक्रीपर्यंत प्रत्येक ठिकाणी अडायला होतं. असेल तरी नीट वाचा. कधी तो एका विंगचा असतो आणि फ्लॅट दुसऱ्या विंगमधला.

बाकीचं वकिलावर सोपवता येतं : तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकी कोणाकडून कोणाकडे गेली याचा शोध; इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा; आणि जमीन सोसायटीच्या नावावर झाली की अजून बिल्डरच्याच. बांधकाम चालू असलेलं घर असेल तर महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, साइटवर प्रकल्पाचा नंबर टाका, ताबा कधी देणार ते स्वतः वाचा. करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. भिडेखातर देऊ नका.

(पडद्यावर : कोथरूड. जुनी चार मजली इमारत.)

तिसरं घर लहान आहे. ताईच्या सासूबाई सोबत आल्या आहेत. गुडघे दुखतात, तरी त्यांनी लिफ्ट नको म्हटलं. कठडा धरून, एकेक पायरी, तिसऱ्या मजल्यापर्यंत. मधल्या वळणावर टेकल्या. "लाइट गेल्यावर मला जमायला हवं ना," एवढंच म्हणाल्या. इतकी घरं पाहिली, हा प्रश्न आमच्यापैकी कोणालाच सुचला नव्हता.

घरात आल्यावर पैशांचं बोलणं निघालं. सत्तर लाखांवर पुण्यात सात टक्क्यांनी मुद्रांक शुल्क म्हणजे ४ लाख ९० हजार. वर नोंदणीचे ३० हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत, म्हणजे सत्तर हजार वाचतात. दाजी कॅल्क्युलेटरवर आकडे मारत होते. सासूबाई खिडकीपाशी बसल्या होत्या, तिथूनच म्हणाल्या, "हिच्या एकटीच्या नावावर करा. पैसे वाचतात म्हणून नाही."

दाजींनी कॅल्क्युलेटर बाजूला ठेवला. ताई काहीच बोलली नाही. थोड्या वेळाने उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून बघितला.

"पालिकेचं पाणी किती वाजता येतं हो?" तिने घरमालकीणबाईंना विचारलं.

"सकाळी सहाला," त्या म्हणाल्या. "या उद्या, बघून जा."

(पडद्यावर : दुसरा दिवस. सहाला पाच कमी. ताई जिना चढतेय.)